दाजींचं मशीन अडकतंय

ताईने फोनवर ‘भाऊराया’ म्हटलं की मी समजून जातो, आजची सुट्टी गेली. एरवी मी तिच्यासाठी नुसता ‘अरे ए’ असतो.

“भाऊराया, झोपला होतास का रे?”

“छे, दंडबैठका काढत होतो.”

“बरं झालं, जागाच आहेस. ह्यांचं मशीन परत अडकायला लागलंय. नवा प्रोसेसर आणून ठेवलाय आणि सकाळपासून स्वतःच उघडायला बसलेत. मी स्क्रूड्रायव्हर लपवलाय, पण किती वेळ लपवू? ये तू.”

आलोच म्हणालो आणि तसाच पडून राहिलो. खरं सांगतो, अंगात त्राण नव्हतं. एका मोठ्या दवाखान्यातले कॉम्प्युटर चालू ठेवणं हा माझा धंदा. आठवडाभर या मजल्यावरून त्या मजल्यावर पळायचं, टेबलांखाली रांगायचं, कुणाचा तरी पाय लागून निघालेली वायर परत खोचायची, आणि वर ऐकून घ्यायचं की तुम्ही लोक नुसते बसून पगार खाता. सुट्टीच्या दिवशी स्क्रीन नुसती दिसली तरी माझं डोकं उठतं. पण पडलं बहिणीचं घर, त्यात दाजी. दाजींना नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दाजी लोखंडाच्या यार्डात क्रेन चालवतात. उंचावर काचेची केबिन, दोन हातांत दोन दांडे, आणि खाली पत्र्याचे गठ्ठे इकडून उचलून तिकडे ट्रकवर ठेवायचे. साखळ्या अडकवणारी माणसं खाली उभी असतात. त्यांच्या आजूबाजूला, कधी डोक्यावरून, टनावारी लोखंड फिरत असतं. दाजी गठ्ठा टेकवतात तेव्हा खालचं लाकूड कुरकुरतसुद्धा नाही, असं त्यांचे सोबतीच सांगतात. दाजींचं नाव त्यांनी ‘घार’ ठेवलंय. ताईला या कौतुकाचं काही नाही. ती म्हणते, “जन्मभर उंटावरून शेळ्या हाकल्या, घरी येऊनही तीच सवय. पाणी आण, टॉवेल आण.”

यार्डातले हे तिघे-चौघे सुट्टीच्या दिवशी आपापल्या घरी बसून एकत्र गेम खेळतात. बंदुकांचा गेम. दाजींचं काम एखाद्या पडक्या गच्चीवर दबा धरून बसायचं, आडोशातून क्षणभर डोकं बाहेर काढायचं, लांबवर नेम धरून गोळी मारायची आणि लगेच आत व्हायचं. पन्नाशी उलटलेला माणूस, कानाला हेडफोन लावून ‘उजवीकडे बघ, उजवीकडे’ असं ओरडताना पाहिला की मला हसू यायचं. पण खेळायचे मात्र फर्मास. माझा तर पाच मिनिटांत भुगा करायचे आणि वर म्हणायचे, “शालकराव, तुम्ही आपले वायरीच खोचा.”

मग कधीतरी दाजींचा नेम चुकायला लागला. म्हणजे हे माझे शब्द. दाजींच्या मते मशीन अडकायला लागलं. “मी आत व्हायला जातो तर हा गेममधला गडी बाहेरच उभा राहतो. बटण दाबलेलं सुटत नाही. सुटेपर्यंत गोळी बसलेली असते.” सोबत्यांना काय, आयतं कोलीत मिळालं. ‘काय घार, अंगण वाकडं का?’ असं हेडफोनमधून दर खेपेला ऐकू यायला लागलं. दाजी हसून सोडून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करायचे.

आमच्या धंद्यात अंदाजाला कुणी विचारत नाही. आम्ही बदलून बघतो. ज्या भागावर संशय असेल तो काढायचा, त्या जागी चांगला चालणारा भाग लावायचा. दोष गेला, तर काढलेला भाग खराब. दोष तसाच राहिला, तर तो भाग बिचारा निर्दोष, आता पुढचा काढा. डोकं कमी लागतं, चिकाटी जास्त, आणि शेवटी दोष सापडतो म्हणजे सापडतोच. दाजींना मी हेच शिकवलं होतं. त्यांनी आधी कीबोर्ड बदलला. मग माऊस, मग स्क्रीन. मग एक ग्राफिक्स कार्ड आणलं, असलं अवाढव्य की कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण जेमतेम लागलं. ताई म्हणाली, “माझ्या शिलाई मशीनला एवढं कधी सजवलं नाही.” तरी गडी आपला बाहेरच उभा.

मग मी माझं शास्त्र सांगितलं. दाजी, कार्ड चित्र काढतं, पण कुठे काय काढायचं हे त्याला प्रोसेसर सांगतो. तुमचा प्रोसेसर जुनापुराणा. तो सांगेपर्यंत हे एवढं मोठं कार्ड हात चोळत बसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दाजींना हे एकदम पटलं. पटणारच, कारण ते खरंही होतं. कुठल्याही दुकानात कुणालाही विचारा, नव्या कार्डाखाली जुना प्रोसेसर म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असंच सांगतील.

तेव्हा मी उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि निघालो.

ताईचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, लोकांच्या उसवलेल्या, आखूड करायच्या कपड्यांचे ढीग, आणि समोरच्या कोपऱ्यात दाजींचं टेबल. दाजी पेटीचं झाकण काढून बसले होते. बाजूला प्रोसेसरचं खोकं, उघडलेलं नव्हतं.

“या शालकराव. तुमच्या बहिणीने हत्यारं जप्त केलीत.”

“बरं केलं. आधी हे बंद करा, म्हणजे झाकण लावा आणि मशीन चालू करा. मला आधी जुन्यावर बघायचंय.”

“काय बघायचंय? महिनोन् महिने बघतोयस.”

“दोष आधी नीट बघायचा, मग औषध.”

गेम चालू असताना प्रत्येक चित्र काढायला मशीनला किती वेळ लागतो, ते दाखवणारी एक बारीक रेघ स्क्रीनच्या कोपऱ्यात आणता येते. सगळं सुरळीत असलं की रेघ सपाट. मशीन अडखळलं की रेघ उसळते. मी ती लावली आणि दाजींना खेळायला बसवलं. रेघ अशी काही उड्या मारत होती की मलाच आनंद झाला. हसू नका, आमच्या धंद्यात दोष डोळ्यांना दिसला की निम्मं काम झालेलं असतं.

“हे बघा. हीच ती तुमची अडकण.”

दाजी रेघेकडे कितीतरी वेळ बघत राहिले. “म्हणजे मशीनच ना?” त्यांनी विचारलं.

“मग काय मी?”

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि आतल्या दिशेने हाक मारली, “अगं, सापडलं गं. चहा टाक.” ताई दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा मला तेव्हा वाचता आला नाही, आणि वाचायच्या भानगडीत मी पडलोही नाही. मला काम उरकून घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

प्रोसेसर बदलणं म्हणजे काही बल्ब बदलणं नव्हे. जुना काढायच्या आधी, तो ज्याच्यावर बसतो त्या बोर्डाला नव्याची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर नवा बसवल्यावर बोर्ड त्याला दारातच उभा करतो. ते आधी केलं. मग पंखा काढायचा. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक मलम असतं, ते वर्षानुवर्षांत वाळून डिंकासारखं घट्ट होतं. उतावळा माणूस पंखा सरळ वर ओढतो आणि प्रोसेसर मुळासकट उपटून येतो, खालच्या पिना वाकतात, मग बसा बोंबलत. म्हणून मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं, बंद करायचं, आणि पंखा हळूहळू पिळत, बरणीचं झाकण उघडतात तसा सोडवायचा. दाजी शेजारी वाकून बघत होते. अशा कामाची त्यांना कदर आहे.

“क्रेनवर हेच असतं,” ते म्हणाले. “झटका द्यायचा नाही. लोखंडाला वाटलं पाहिजे, आपण आपलेच चाललोय.”

पंख्याचे स्क्रू मी त्यांच्या तळहातावर ठेवत होतो. एक खाली पडला. मी टेबलाखाली शिरून काढला. परत ठेवला, परत पडला. तिसऱ्यांदा दुसराच पडला आणि कपड्यांच्या ढिगात गेला.

“हल्ली स्क्रू फार बारीक करायला लागलेत,” दाजी म्हणाले.

“दाजी, तुम्ही बाजूला बसा बघू. मदत नको पण स्क्रू आवर अशी वेळ आलीये.”

ते खुर्ची मागे सरकवून मुकाट्याने बसले. मी ढीग उपसत होतो, माझी कंबर धरली होती, आणि मनातल्या मनात मी सगळ्या क्रेनवाल्यांचा उद्धार करत होतो.

नवा प्रोसेसर बसला. नवं मलम, पंखा, वायरी. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन उजळली. बोर्डाने नव्याला नावानिशी ओळखलं. मी गेम लावला, रेघ लावली आणि दाजींना म्हटलं, “बसा आता गादीवर.”

रेघ सपाट होती. इस्त्री केल्यासारखी सपाट. दाजी गच्चीवर चढले, दबा धरून बसले, डोकं बाहेर काढलं, नेम धरला, मारली. आत होईतो त्यांना गोळी बसली.

“बघ,” ते म्हणाले. “अडकलं.”

मी रेघ बघितली. ती जागची हलली नव्हती. “परत करा.”

परत तेच. “हे आत्ता. बघितलंस ना?”

“परत.”

मला वाटलं, रेघ खोटं बोलतेय. मशीनं खोटं बोलतात, मी रोज बघतो. मग मी माझी पद्धत चालू केली. कीबोर्ड दुसरा लावला, ताईकडे जुना पडला होता तो. माऊस दुसरा. मेमरी काढून जागा बदलून लावली. वायर बदलली, भिंतीतला प्लगसुद्धा बदलला. दाजी दर वेळी निमूट खेळायचे आणि दर वेळी म्हणायचे, “नाही रे, तसंच आहे.” त्यांचा आवाज हळूहळू खाली येत होता. चहा कधीच थंड झाला होता.

शेवटी मी म्हटलं, “उठा, मी बसतो.”

मी बसलो. मला खेळता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण गडी मी सांगेन तेव्हा बाहेर येत होता आणि सांगेन तेव्हा आत जात होता. लोणी होतं नुसतं. माझी एकही गोळी लागली नाही, पण अडकणं-बिडकणं काही नव्हतं.

आमच्या दवाखान्यात आम्हा कॉम्प्युटरवाल्यांची एक थट्टा आहे. कुणी उगाच तक्रार घेऊन आलं की आम्ही एकमेकांना म्हणतो, सगळं तपासलं, दोष खुर्चीत आहे. मीही म्हणत आलोय आणि खिदळत आलोय. त्या खुर्चीत बसल्या बसल्या ती थट्टा मला आठवली.

“बसा दाजी,” मी उठत म्हटलं. “एकदाच अजून.”

या वेळी मी स्क्रीनकडे बघितलंच नाही. त्यांच्या हातांकडे बघितलं. उजवा हात माऊसवर, तो अजूनही राजा होता. डावा हात कीबोर्डवर. आत व्हायची वेळ आली की दाजींच्या चेहऱ्यावर ते दिसायचं, भुवया आकसायच्या, खांदा आत जायचा, आणि बोट मात्र बटणावर तसंच. मग सावकाश, कुणीतरी दुरून हाक मारल्यावर उठावं तसं, ते बोट उठायचं. डाव संपल्यावर त्यांनी तो हात मांडीवर ठेवला. अंगठा तर्जनीवर फिरत राहिला, दोऱ्याला पीळ भरतात तसा. दाजींचं तिकडे लक्षही नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

“काय वाटतं?”

“पाणी पिऊन येतो,” मी म्हटलं.

स्वयंपाकघरात ताई ओट्याला टेकून उभी होती. काही करत नव्हती. मी माठातलं पाणी घेतलं, प्यालो, पेला पालथा घातला. कसं सुरू करावं ते सुचेना.

“काय सांगणार आहेस त्यांना?” तिनेच विचारलं.

मी वळलो. “तुला माहीत होतं?”

तिने दोरीवर वाळत घातलेला दाजींचा एक शर्ट ओढून काढला आणि माझ्यापुढे धरला. वरून साधी बटणं. पट्टी उलटून तिने आतून दाखवलं, आत टिचबटणं होती. वरची बटणं नुसती दिसायला शिवलेली, काजं बंद केलेली. “सगळ्या शर्टांना केलंय. एक दिवस बघितलं, आरशापुढे उभे होते, कितीतरी वेळ. शेवटचं बटण लागेना. मी आत गेलेच नाही. ते कामावर गेल्यावर एकेक शर्ट उसवून शिवत गेले. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. नाडीचे बूट तर त्यांनी स्वतःच सोडले. पाय सुजतो म्हणे.”

“अगं, मग डॉक्टरकडे का नाही नेलंस?”

“तू रोज डॉक्टरांमध्येच असतोस ना? तुला दिसलं का?”

तिने शर्टाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

“तू म्हण, बोर्ड खराब आहे. बोर्ड असतो ना एक, सगळं ज्याच्यावर बसतं? तो मागवायला लागेल म्हण. यायला वेळ लागेल म्हण.”

“त्याने काय होणार?”

“तेवढे दिवस मिळतील. तेवढे दिवस ते म्हणतील मशीनमुळे आहे. तू जुन्यावर दोष दाखवलास तेव्हा त्यांचा चेहरा बघितलास? कित्येक दिवसांत एवढ्या मोठ्याने चहा मागितला नव्हता.”

“ताई, उद्या ते क्रेनवर चढणार.”

“माहीत आहे.”

“खाली माणसं असतात.”

“मला माहीत आहे खाली माणसं असतात.” तिने आवाज चढवला नाही, पण मला मागे सरकावंसं वाटलं. “रोज संध्याकाळी दारात ह्यांची चप्पल वाजेपर्यंत मी काय करत असते असं वाटतं तुला? आखूड करायला दिलेली विजार परवा दोनदा कापली मी, लहान मुलाला होईल आता ती. पण केबिनमधून उतरवलं तर ह्या माणसाचं उरतं काय ते सांग ना. शाळेत मन रमलं नाही, मित्र सगळे तिथलेच, गेमही त्यांच्याचबरोबर. घरात बसून भिंती बघणारा माणूस नाही तो. मला भीती वाटते रे. दोन्हीकडून भीती वाटते.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण तिकडे लक्षही दिलं नाही. “म्हणशील ना, बोर्ड?”

मी बाहेर आलो.

बोर्ड म्हणणं फार सोपं होतं. बोर्डही प्रोसेसरएवढाच जुना होता, बदलायला सांगितलं असतं तर जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याने मला खोटं पाडलं नसतं. मी घरी जाऊन झोपलो असतो. ताई सुखावली असती. दाजींनी खोकं यायची वाट बघितली असती. मी इतका थकलो होतो की ओठांवर ‘बो’ येऊन बसला होता.

दाजींनी गेम बंद केला होता. ते रिकाम्या स्क्रीनपुढे बसले होते. मी दिसताच म्हणाले, “बोर्ड असेल, नाही रे?”

ताई माझ्या मागे दारात येऊन उभी राहिल्याचं मला कळलं. बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

“नाही दाजी,” मी म्हटलं. “बोर्ड ठीक आहे. मशीन सगळं ठीक आहे.”

“मग तू नीट बसवला नसशील.”

“नीट बसलाय.”

“मग रेघ चुकीची असेल. तूच म्हणतोस ना, मशीनं खोटं बोलतात.”

“दाजी, तुमचा डावा हात बघा.”

त्यांनी बघितला नाही. त्यांनी तो उचलला आणि मांडीखाली घातला, शाळेतला पोरगा छडीपासून लपवतो तसा. मग त्यांचा पारा चढला. “तू कॉम्प्युटरवाला ना? मग डॉक्टर कधीपासून झालास? दवाखान्यात वायरी खोचतोस म्हणून सगळं कळायला लागलं? माझ्या हातात खोट काढतो. या हाताने मी केवढं लोखंड हलवलंय, तू आणि तुझा सगळा दवाखाना त्याखाली मावेल.”

“हो दाजी.”

“हो काय? भांड ना.”

मला भांडता आलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी जमिनीवरचा स्क्रूड्रायव्हर शोधत राहिलो. तो तिथेच पायाशी होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज येत राहिला.

“ताईला सांगू नकोस,” शेवटी दाजी म्हणाले.

“ताईला माहीत आहे,” ताई म्हणाली.

दाजींनी वळून तिच्याकडे बघितलं. मग मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. उजव्या हाताने पट्टी जरा ओढली, टच आवाज झाला. “मला वाटलं, हल्ली तू नवीन फॅशन काढलीस,” ते म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. “पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. एवढा काही मी हा नाही.”

ताई येऊन त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, कपड्यांच्या ढिगाला टेकून.

“क्रेनचा दांडाही तपासून घेतला मी,” दाजी बोलायला लागले. माझ्याशी की तिच्याशी ते कळत नव्हतं. “म्हटलं, डावा दांडा जड लागतोय, सुटत नाही. मिस्त्री वर आला, उघडून बघितला, तेल घातलं, म्हणाला एकदम ठीक आहे. मी त्याच्यावर डाफरलो. मग म्हटलं, घरचं मशीनही तसंच करतंय. दोन्ही मशीनं खराब असू शकतात ना? असू शकतात की. कार्ड आणलं. प्रोसेसर आणला. म्हटलं, इथे दोष निघू दे, मग तिथेही निघेल.”

“निघाला होता दाजी, जुन्यावर,” मी म्हटलं. “खरंच होता.”

“होता ना.” त्यांनी मान हलवली. “तेवढ्यापुरतं किती बरं वाटलं रे.”

ताईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

“परवा मी गठ्ठा खाली घेत होतो. टेकायच्या आधी थांबवायचा असतो, साखळीवाला हात घालून लाकूड सरकवतो. मी थांबवला. म्हणजे मला वाटलं, मी थांबवला. दांडा सुटलाच नव्हता. गठ्ठा येत राहिला. त्या माणसाने हात मागे घेतला, इतकंच.” दाजींनी उजव्या हाताची दोन बोटं जवळ आणून दाखवलं, किती थोडक्यात. “आणि वर बघून हसला. त्याला वाटलं, मी थट्टा केली. मला तेवढं अचूक येतं ना, म्हणून त्याला वाटलं, मी थट्टा केली.”

ताईने तोंडावर पदर घेतला. मी भिंतीला टेकून उभा होतो, माझे पाय दुखत होते आणि मला बसावंसंही वाटत नव्हतं.

“डॉक्टरकडे जाऊ,” मी म्हटलं. “उद्याच. मी चांगल्या माणसाकडे नेतो. गोळ्या असतात, उपाय असतात, अगदीच काही...”

“जाऊ. त्याला काय, जाऊ.” दाजींनी टेबलावरचा फोन घेतला. उजव्या हाताने यार्डातल्या साहेबांना लावला. “उद्या डॉक्टरकडे, ते उद्याचं उद्या. पण उद्या सकाळी पाळी आहे माझी.”

“अहो, आजारी आहे म्हणा,” ताई घाईघाईने म्हणाली. “चार दिवस रजा मागा. आधी डॉक्टर काय म्हणतात ते बघू, मग सांगता येईल. एवढ्यात कशाला?”

दाजींनी तिच्याकडे बघितलं, आणि क्षणभर मला वाटलं, ते तसंच करणार. मीच तसं केलं असतं. चार दिवस काय, चार महिने केलं असतं. पलीकडून फोन उचलला गेला.

“साहेब, मी बोलतोय. उद्या माझ्या जागी दुसरा कुणी बघा.” पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला. “नाही, ताप नाही. घरीही सगळे ठीक आहेत. रजा नकोय साहेब, मला क्रेनवरून काढा. माझा डावा हात वेळेवर सुटत नाही.”

पलीकडे बराच वेळ बोलणं चाललं होतं. आम्हाला नुसती कुजबुज ऐकू येत होती, साहेब समजूत काढत असावेत. तुमच्यासारखा माणूस, इतकी वर्षं, एक ओरखडा नाही, असलंच काहीतरी. दाजी ऐकत राहिले. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“बरोबर आहे साहेब,” दाजी म्हणाले. “कुणीच तक्रार केलेली नाही. म्हणून तर मी करतोय. लिहून घ्या.”

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. ताईने विचारलं, जेवायला वाढू का. ते म्हणाले, वाढ.